फाईल लेकीच्या हाती

आपल्या कोकणात परदेशातले स्थळ आले की विचारपूस ठरलेली असते. मुलगा नमाजी आहे का, मूळ गाव कोणते, खानदान कसे, घर स्वतःचे की भाड्याचे, नणंदा किती, जावा किती. दोन दिवसांत मुलाच्या आजोबांपर्यंतची माहिती गोळा होते. एक प्रश्न मात्र सगळ्यात शेवटी, तोही दबक्या आवाजात विचारला जातो : मुलीला नेणार कधी? त्यावर उत्तरही ठरलेले असते, ‘‘निकाह तर होऊ द्या, कागद काय, होतील!’’

या ‘कागद होतील’मध्ये लेकींची वर्षे जातात. आमची थोरली लेक निकाहानंतर पंधरा महिन्यांनी आपल्या नवऱ्याच्या घरी, इंग्लंडला पोहोचली. अल्हम्दुलिल्लाह, ती सुखात आहे. तिच्या जाण्यानंतर आम्हा दोघांना, म्हणजे तिच्या अम्मी-अब्बांना, ओळखीच्या घरांतून फोन येऊ लागले. कुणाच्या मुलीचे स्थळ लंडनचे, कुणाचे बर्मिंगहॅमचे, कुणाच्या भाचीचा निकाह होऊन वर्ष झाले. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून काढावे असे ठरवले.

आधी आमचे थोडे सांगायला हवे, नाहीतर आम्ही या कागदांसाठी एवढे का झटलो ते कळणार नाही.

आमचा निकाह १९९६ चा. त्यानंतर सतरा वर्षे आमच्यापैकी एकजण सौदी अरेबियात जुबैलला आणि एकजण खेड तालुक्यातल्या गावी. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची रजा. हिशेब सोपा आहे. सतरा वर्षांत आठ रजा, म्हणजे सोळा महिने. तेवढाच आमचा एकत्र संसार. सौदीत बायकोला कायमचे नेता येईल की नाही, हे इकाम्यावर कोणता पेशा लिहिला आहे त्यावर ठरत असे. इंजिनिअर, डॉक्टर, अकौंटंट यांना फॅमिली व्हिसा मिळे. इकाम्यावर ‘आमिल’, म्हणजे मजूर, असे लिहिले असेल तर अर्जच करता येत नसे. आमच्या इकाम्यावर तेच लिहिले होते. सुरुवातीला पत्रे, मग सुट्टीवर येणाऱ्या गाववाल्याच्या हाती पाठवलेल्या आवाजाच्या कॅसेटी, मग जुम्याच्या जुम्याला फोन. थोरली दीड वर्षाची असताना अब्बा पहिल्यांदा तिच्यासमोर आले तेव्हा ती पडवीतून धावत आत जाऊन दादीच्या मागे लपली.

ही तक्रार नाही. त्याच पैशांवर घर उभे राहिले, तीन मुले शिकली. आपल्या खाडीपट्ट्यात अशी घरे हजारोंनी आहेत. पण हजरत उमर (रजि.) यांची एक रिवायत आम्ही त्या काळात ऐकली होती आणि ती मनातून गेली नाही. रात्रीच्या गस्तीत त्यांनी एका घरातून विरहात बोलणाऱ्या स्त्रीचा आवाज ऐकला. तिचा नवरा मोहिमेवर होता. त्यांनी आपल्या कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांना विचारले, बाई नवऱ्यावाचून किती काळ सब्र करू शकते? त्यांच्या उत्तरावरून सैनिकांना दूर ठेवण्याची मुदत त्यांनी ठरवून दिली. काही रिवायतींत ती चार महिने येते, काहींत सहा. चौदाशे वर्षांपूर्वी एक खलिफा हा प्रश्न सरकारी कामाचा प्रश्न म्हणून सोडवतो, आणि आपण मात्र तो ‘कागद होतील’वर सोडतो. लेकीच्या बाबतीत तसे करायचे नाही, एवढे आम्ही आधीच ठरवले होते.

जावयाचे घराणे आमच्याच तालुक्यातले. ब्रिटनमध्ये १९६२ च्या कायद्यानंतर राष्ट्रकुल देशांतल्या कामगारांना रोजगाराची व्हाउचरे मिळत. त्या व्हाउचरवर जावयाचे आजोबा गेले आणि तिथेच राहिले. जावई तिथेच जन्मलेला, तिथलाच नागरिक. निकाह जानेवारी २०२४ मध्ये गावच्या मशिदीत झाला. जावयाला सुट्टी तीनच आठवड्यांची होती.

पहिली गोष्ट, त्या तीन आठवड्यांतच आम्ही विवाहाची सरकारी नोंदणी करून घेतली. आपल्यात अजून अनेकांचा समज आहे की काझी साहेबांनी निकाहनामा दिला, आता आणखी काय हवे? निकाह शरियतीप्रमाणे पूर्ण झाला, यात शंका नाही. पण महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे आणि तो सर्व धर्मीयांच्या विवाहांना लागू आहे. सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये सर्व धर्मांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी असा आदेश राज्यांना दिला. गावात हे काम ग्रामपंचायतीत होते. वर, वधू आणि तीन साक्षीदार यांनी सह्या करायच्या, निकाह लावणाऱ्या काझींचीही सही लागते. जावई विमानात बसून गेला असता तर त्याच्या सहीसाठी पुन्हा बोलवावे लागले असते. देण्याघेण्याचा व्यवहार साक्षीदारांसमोर लिहून ठेवा, अशी ताकीद सूरह बकरामध्ये आहे. उसन्या पैशांसाठी जर एवढी काळजी, तर लेकीच्या आयुष्यासाठी ग्रामपंचायतीत एक दिवस घालवायला काय हरकत?

दुसरी गोष्ट नावांची. आपल्या घरांत नावांचा घोळ पिढीजात आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव एक, रेशनकार्डावर गावावरून पडलेले ‘-कर’ वेगळे. निकाहनाम्यात मुलीच्या नावापुढे ‘बी’ लागते, आधारवर लागत नाही. अब्बांच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग सौदीच्या जुन्या पासपोर्टवर एक आणि नव्यावर दुसरे. इथे आपण म्हणतो, ‘‘माणूस तोच आहे ना?’’ परक्या देशाच्या टेबलावर बसलेल्या अधिकाऱ्याला माणूस दिसत नाही, त्याला अक्षरे दिसतात. लेकीने सगळे कागद जमिनीवर मांडले आणि एका वहीत रकाने पाडून प्रत्येक कागदावरचे नाव जसेच्या तसे लिहून काढले. जिथे फरक होता तिथे प्रतिज्ञापत्र केले. निकाहनामा उर्दूत होता, त्याचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करून घेतले. भाषांतर अचूक असल्याचा मजकूर, भाषांतरकाराचे नाव, सही, तारीख आणि संपर्क त्यावर असावा लागतो. गल्लीतल्या टायपिंगवाल्याकडून करून घेतलेले भाषांतर चालत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड निघाली : पगार.

ब्रिटनमध्ये नवऱ्याला किंवा बायकोला बोलवायचे तर बोलावणाऱ्याची वर्षाची कमाई ठरावीक रकमेच्या वर असावी लागते. जुलै २०१२ पासून ही मर्यादा १८,६०० पौंड होती. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या सरकारने ती वाढवण्याचे जाहीर केले आणि ११ एप्रिल २०२४ पासून ती २९,००० पौंड झाली. त्या तारखेच्या आधी अर्ज गेला असेल तर जुनी मर्यादा, नंतर गेला तर नवी. नोकरी करणाऱ्याला साधारणपणे त्याच नोकरीतल्या सलग सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या, त्यांच्याशी जुळणारी बँकेची विवरणे आणि मालकाचे पत्र द्यावे लागते. आमचा जावई शिक्षण संपवून नोव्हेंबर २०२३ मध्ये कामाला लागला होता. पगार वर्षाला २४,५०० पौंड. जुन्या मर्यादेत आरामात बसत होता. पण सहा पावत्या पूर्ण होणार एप्रिलच्या अखेरीस, आणि दरवाजा बंद होणार ११ तारखेला. अवघ्या काही दिवसांनी गाडी चुकली.

त्या दिवसांत आमच्या ओटीवर सल्ल्यांची कमी नव्हती. कुणी म्हणाले, मुलाच्या वडिलांचा पगार दाखवा. ते चालत नाही, सासऱ्यांची कमाई मुलाच्या कमाईत धरत नाहीत. कुणी म्हणाले, मुलगी शिकवण्या घेते, तिचे पैसे जोडा. मुलगी भारतात असताना इथली तिची कमाई धरत नाहीत. कुणी म्हणाले, आम्ही पाच-दहा लाख तुमच्या जावयाच्या खात्यात टाकतो, मग काढून घेऊ. बचत दाखवून कमी पडणारा पगार भरून काढता येतो हे खरे. पण त्याचा हिशेब कडक आहे : आधी १६,००० पौंड बाजूला, आणि त्यावर कमी पडणाऱ्या रकमेची अडीचपट. आमच्या बाबतीत ४,५०० कमी पडत होते, म्हणजे एकूण २७,२५० पौंड लागले असते. ते सहा महिने खात्यात असावे लागतात आणि कर्जाऊ असून चालत नाहीत. पाहुण्यांच्या भलेपणाबद्दल त्यांचे आभार मानले आणि तो विषय बंद केला.

मुंबईच्या एका एजंटाने तर सोपा रस्ता दाखवला. ‘‘मुलीला फिरायच्या व्हिसावर पाठवा, तिथे गेल्यावर बायकोचा करून घेऊ.’’ फी सांगितली दीड लाख. लेकीने ब्रिटिश सरकारचे नियम स्वतः वाचले होते. पाहुणा म्हणून गेलेल्याला तिथे राहून बायकोच्या व्हिसावर बदलून घेता येत नाही, आणि पाहुणा म्हणून जाताना खरा हेतू लपवणे हे खोटे बोलणे आहे. एकदा खोटे सापडले की पुढची कित्येक वर्षे दार बंद होऊ शकते. ती त्याला फोनवर शांतपणे म्हणाली, ‘‘चाचा, हा नियम कुठे लिहिलाय तेवढे मला पाठवा.’’ त्यानंतर त्याचा फोन आला नाही.

शेवटी रस्ता काढला तो जावयानेच. आठवड्याचे पाच दिवस कचेरी आणि शनिवार-रविवार एका गोदामात काम. दुसऱ्या नोकरीचे वर्षाला पाच हजार, दोन्ही मिळून २९,५००. पण दुसऱ्या नोकरीच्याही सहा महिन्यांच्या पावत्या हव्यात. मे ते ऑक्टोबर. म्हणजे आणखी सहा महिने थांबणे आले.

इथे एक गोष्ट घडली, तिचा आम्हाला आधी संकोच वाटला आणि नंतर समाधान. मुलीकडच्यांनी जावयाचा पगार विचारायचा नाही, ही आपली रीत. फार तर ‘चांगली नोकरी आहे’ एवढ्यावर समाधान मानायचे. पण या अर्जात बायकोच अर्जदार असते. नवऱ्याच्या पगाराच्या पावत्या, बँकेची विवरणे, घराचे कागद हे सगळे तिच्या अर्जाला जोडायचे असते. त्यामुळे दर महिन्याच्या शेवटी जावई पावती पाठवायचा आणि लेक ती बँकेच्या नोंदीशी ताडून फाईलला लावायची. नवऱ्याचे घर पाहण्याआधी तिला त्याच्या घराचे भाडे, विजेचे बिल, प्रवासखर्च, सगळे तोंडपाठ झाले. आम्हाला सतरा वर्षांत एकमेकांच्या पैशांचा एवढा खुलासा झाला नव्हता. सौदीचा खरा पगार किती आणि गावचा खरा खर्च किती, हे आम्ही दोघेही एकमेकांची काळजी नको म्हणून कमी-जास्त सांगत आलो.

फीचा विषयही याच ओघात आला. अर्जाची फी तेव्हा १,८४६ पौंड होती. शिवाय तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा अधिभार, वर्षाला १,०३५ याप्रमाणे पहिल्या व्हिसासाठी ३,१०५ पौंड, तोही अर्जाबरोबरच भरायचा. दोन्ही मिळून ४,९५१. त्या वेळच्या दराने सव्वापाच लाख रुपयांच्या वर. वरपक्षातल्या एका दूरच्या नातेवाइकांनी निरोप पाठवला, ‘‘मुलगी तुमची जाणार आहे, निम्मे तुम्ही उचला.’’ आणि आमच्याच घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी सुचवले, ‘‘मेहरचे दागिने आहेत ना, ते मोडा.’’

या दोन्ही गोष्टींना आम्ही नाही म्हटले. मेहर तिचा आहे. तो आमच्या कपाटात असला तरी आमचा नाही आणि नवऱ्याने दिला म्हणून परत त्याच्या कामासाठी मोडायचाही नाही. तिने स्वतःच्या खुशीने दिला तर तो तिचा हक्क, पण तिच्यावर तशी वेळ आणणे हा हक्क कुणाचाच नाही. बायकोचा खर्च, तिचे राहणे-खाणे ही नवऱ्याची जबाबदारी, आणि तिला आपल्याजवळ आणण्याचा खर्च त्यातच येतो. जहेजला आपण तोंडाने वाईट म्हणतो, मग तोच व्हिसाच्या फीचे नाव घेऊन आला तर त्याला ओळखता यायला नको का? जावयाने निरोप ऐकून स्वतः फोन केला आणि म्हणाला, ‘‘अब्बा, ते तुम्ही मनावर घेऊ नका. शनिवार-रविवार कशासाठी जातोय मी?’’ फी त्यानेच भरली. आम्ही इथला खर्च केला : मुंबईच्या खेपा, भाषांतर, परीक्षा, तपासणी.

परीक्षा इंग्रजीची. पहिल्या व्हिसासाठी ए-१ ही सगळ्यात खालची पातळी पुरते, फक्त ऐकणे आणि बोलणे. लेक मराठी माध्यमात शिकलेली. बी.एस्सी. झाली तरी इंग्रजी बोलायला कचरायची. परीक्षेत नाव, गाव, घर, बाजार अशा साध्या विषयांवर बोलायचे असते. ती पहिल्याच खेपेला उत्तीर्ण झाली. पण नवऱ्याने तिला एक गोष्ट नीट समजावली होती : अडीच-पावणेतीन वर्षांनी मुदतवाढीच्या वेळी ए-२ लागेल आणि पाच वर्षांनी कायमच्या वास्तव्याच्या वेळी बी-१. शिवाय तिथल्या इतिहास आणि राज्यव्यवस्थेवर चोवीस प्रश्नांची एक परीक्षा, त्यातले अठरा बरोबर यावे लागतात. म्हणून तिने थांबण्याच्या त्या महिन्यांत खेडला जाऊन इंग्रजीचा वर्ग लावला आणि गाडी चालवायलाही शिकली. क्षयाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते, छातीचा एक्स-रे काढतात. तो दाखला सहा महिनेच चालतो, म्हणून आम्ही तो अगदी ऑक्टोबरमध्ये काढला. आधी काढून ठेवला असता तर पुन्हा खेप पडली असती.

आणखी एक भाग होता, त्याबद्दल आपल्यात बोलायला लाज वाटते. लग्न खरे आहे, केवळ व्हिसासाठी केलेले नाही, हे सिद्ध करावे लागते. दोघे प्रत्यक्ष भेटले आहेत का, एकमेकांशी बोलतात का, एकत्र राहण्याचा इरादा आहे का. नवराबायकोचे नाते जगासमोर मांडायचे म्हणजे परदा कुठे राहिला, असे आम्हाला वाटले. दोघांनी मिळून सीमा आखली. निकाहाचे आणि दोन्ही घरांच्या मंडळींसोबतचे फोटो, जावई ऑगस्टमध्ये दहा दिवस आला त्याची तिकिटे, वर्षभराच्या फोनच्या तारखा आणि वेळा यांची यादी. खासगी बोलणे एक ओळही जोडली नाही. तरी काम झाले. नाते खरे असेल तर त्याच्या तारखाच बोलतात.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईच्या अर्ज केंद्रात बोटांचे ठसे आणि फोटो दिले. त्यानंतर फक्त वाट पाहणे. हा काळ सगळ्यात जड गेला. निकाह झालेली मुलगी माहेरी वर्षभर राहिली की गाव हिशेब करू लागते. ‘‘अजून गेली नाही?’’ हा प्रश्न विहिरीवर, दुकानात, मय्यतीच्या घरीसुद्धा. कुणी काळजीने विचारी, कुणी चवीने. एका बाईंनी सरळ विचारले, ‘‘तिकडे त्याची दुसरी तर नाही ना?’’ लेक त्या रात्री जेवली नाही. आम्ही तिला समजावायला गेलो तर ती म्हणाली, ‘‘अम्मी, तुम्हाला सतरा वर्षं असंच विचारायचे का?’’ आम्ही काय उत्तर देणार? हो, विचारायचे. फक्त तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यात प्रत्येक घरात तीच गोष्ट होती, म्हणून ती गोष्ट वाटत नव्हती.

निकाल मार्चमध्ये आला, रमजानच्या दुसऱ्या अशऱ्यात, इफ्तारच्या थोडे आधी. व्हिसा मंजूर. ईद घरी करून एप्रिलमध्ये ती गेली.

या सगळ्यातून एकच गोष्ट मनावर कोरली गेली, आणि ती सांगण्यासाठीच हा लेख लिहिला. परदेशी जाणाऱ्या लेकीची फाईल लेकीच्या हातात असली पाहिजे. एजंटाच्या नाही, जावयाच्या नाही, सासऱ्यांच्या नाही आणि आपल्याही नाही. ती कमी शिकलेली असली तर शेजारी बसून वाचून दाखवा, पण वाचून दाखवा. सही कर म्हटले आणि तिने केली, असे होऊ देऊ नका. जी मुलगी स्वतःचा अर्ज वाचून जाते, तिला तिथे आपण कोणत्या हक्काने राहतो ते ठाऊक असते. जी फक्त पासपोर्ट देऊन जाते, तिला कुणीही म्हणू शकते, ‘‘माझ्याशी नीट वाग, नाहीतर परत पाठवीन.’’

आणि हे फक्त बोलण्यापुरते नाही. आता ब्रिटनमध्ये व्हिसाची माहिती छापील कार्डावर न देता इंटरनेटवरच्या खात्यात ठेवतात. त्या खात्याला ईमेल आणि फोन नंबर जोडलेला असतो. आमच्या लेकीचे खाते तिच्या स्वतःच्या ईमेलवर आहे आणि पासवर्ड तिच्याकडे आहे. जावयानेच तसा आग्रह धरला, त्याला आमच्या दुआ. पण अनेक घरांत ‘तिला काय कळते’ म्हणून नवरा किंवा दीर आपला ईमेल टाकतो. यात प्रत्येक वेळी वाईट हेतू असतो असे नाही. पण हेतू पुढे बदलला तर? बायकोच्या व्हिसावर असलेल्या बाईवर घरात जुलूम झाला, आणि त्यामुळे संसार मोडला, तर तिला कायमच्या वास्तव्यासाठी स्वतंत्र अर्ज करण्याची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. नवऱ्याच्या परवानगीची त्यात गरज नसते. ही गोष्ट मुलीला निघण्याआधी सांगणे म्हणजे अपशकुन नव्हे. निकाहाच्या वेळी तलाकचे नियमही काझींना ठाऊकच असतात, म्हणून काय ते तलाकची तयारी करून येतात?

म्हणून ज्यांच्या घरी असे स्थळ आले आहे त्यांनी ‘हो’ म्हणण्याआधी काही गोष्टी उघडपणे विचाराव्यात. मुलगा तिथला नागरिक आहे, कायम रहिवासी आहे की नोकरीच्या व्हिसावर आहे? प्रत्येकाचा नियम वेगळा. बायकोला बोलवायला त्या देशात आज किती कमाई लागते आणि मुलाची किती आहे? आखातातही हाच प्रश्न आहे. संयुक्त अमिरातीत बरीच वर्षे चार हजार दिरहम, किंवा तीन हजार आणि राहायला जागा, अशी अट आहे. कुवेतने २०२४ मध्ये ती आठशे दिनारवर नेली. फी कोण भरणार? निकाह आणि नेणे यांमध्ये किती महिने जातील, आणि तोवर मुलगी कुठे राहील, तिचा खर्च कोण देईल? हे प्रश्न विचारल्याने चांगले स्थळ मोडत नाही. मोडलेच, तर ते वेळेवर मोडले म्हणून शुक्र अदा करावा.

लेकीचा पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा आहे. २०२७ च्या अखेरीस तिला मुदतवाढीचा अर्ज करायचा आहे. तारीख तिने वहीत लिहून ठेवली आहे आणि ए-२ च्या परीक्षेची तयारी आताच सुरू केली आहे. जावयाने गोदामातले काम तूर्त सोडलेले नाही, कारण मुदतवाढीच्या वेळी कमाई पुन्हा दाखवावी लागेल. मात्र आता दोघांची कमाई एकत्र धरता येईल. ती एका शाळेच्या स्वयंपाकघरात दुपारचे काम करते आणि पहिल्या पगाराची पावती तिने आम्हाला फोटो काढून पाठवली. इकडे धाकटी बारावीला आहे. स्थळाचा अजून पत्ता नाही. पण मागच्या महिन्यात तिचा शाळेचा दाखला, आधार आणि जन्मदाखला समोर ठेवून तिन्हींवरचे नाव एकसारखे करून घेतले, आणि मग तिच्या पासपोर्टचा अर्ज भरला. भरला तिनेच, आम्ही फक्त शेजारी बसलो होतो.